वर्गात तिचा आवाज किती वेळा ऐकू येतो?

द्वारका म्हटलं की नाशिककराला आधी चौक आठवतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि खाली रिक्षा, ट्रक, सिटीबस, शाळेच्या व्हॅन असे सगळे एकाच वेळी पुढे घुसू बघतात. पण या चौकातून कुठल्याही बाजूला दहा-पंधरा मिनिटं चालत गेलात, तर एकाच इयत्तेतली किती वेगवेगळी मुलं इथे राहतात ते कळतं. कुणी काठे गल्लीतल्या सोसायटीतलं, कुणी वडाळा नाक्याच्या दाट वस्तीतलं आणि घरी उर्दू बोलणारं. कुणाचे आईवडील बागलाण-कळवणकडून कामासाठी शहरात आलेले, टाकळी रस्त्याच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणारे. कुणाची शाळा महापालिकेची, कुणाची अनुदानित, कुणाची इंग्रजी.

यातल्या कुठल्याही शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसा. एका कागदाचे दोन भाग करा, एकीकडे मुली, एकीकडे मुलगे. ज्याचा आवाज वर्गाला ऐकू जाईल त्याच्या नावाने एक रेघ मारा. ओरडून दिलेलं उत्तर, विचारलेली शंका, केलेली तक्रार, सगळं मोजा. तास संपल्यावर बहुतेक वेळा दोन गोष्टी दिसतात. मुलांची बाजू जास्त भरलेली असते. आणि मुलींच्या बाजूच्या रेघा त्याच त्या दोन-तीन मुलींच्या असतात. बाकीच्या मुली हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतात, तेवढंच. शिक्षकांनी हा प्रयोग स्वतःच्या वर्गावर करायला हरकत नाही. सहकाऱ्याला बसवावं, नाहीतर मोबाइलवर तास ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावा. मन जरा घट्ट करून ऐकावा लागतो.

आत्मविश्वास वाढवायचा म्हटलं की आपल्याला स्टेज आठवतं. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रातून व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांची पत्रकं घरात पडू लागतात. ‘स्टेज डेअरिंग’ हा त्यातला लाडका शब्द. मला या शिबिरांबद्दल राग नाही, पण त्यांचा फायदा होतो तो आधीच बोलक्या असलेल्या मुलांना. सात वर्षांच्या मुलीला माइकसमोर उभं करून पाठ केलेलं भाषण म्हणायला लावलं, तर ती भाषण म्हणायला शिकते. आपण बोललो आणि त्यामुळे काहीतरी झालं, हा अनुभव तिला तिथे मिळत नाही. तिने सुचवलेला खेळ खेळला गेला, तिच्या शंकेमुळे बाईंनी गणित पुन्हा फळ्यावर मांडलं, तिने नको म्हटलं आणि समोरचा थांबला, अशा रोजच्या बारीकसारीक घटनांतून तो येतो. आणि हे सगळं मोठ्यांच्या हातात असतं.

हे लवकर करायला हवं, पाचवी-सहावीची वाट बघून चालत नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन या तिघांचं संशोधन प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या लहान मुलांना त्यांनी एका अतिशय हुशार व्यक्तीची गोष्ट सांगितली आणि ही व्यक्ती यातली कोण असेल, असं चित्रं दाखवून विचारलं. पाच वर्षांच्या मुली बाईच्या चित्राकडे बोट दाखवत होत्या, मुलगे पुरुषाच्या. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र आपल्या बाजूने बोट दाखवायला कचरू लागल्या होत्या. गंमत अशी, की शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात असं विचारलं तर याच मुली ‘मुलींना’ म्हणत होत्या. म्हणजे गुण आमचे, पण हुशारी त्यांची. ही मुलं नाशिकची नव्हती हे खरं, पण आपल्याकडची प्रगतिपुस्तकं उघडून पाहा. वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात मुलींबद्दल काय लिहिलेलं असतं? ‘अक्षर वळणदार. नीटनेटकी. शांत स्वभाव. सांगितलेले काम वेळेवर करते.’ आणि मुलाबद्दल? ‘हुशार आहे, पण दंगा करतो.’ त्या ‘पण’च्या आधी जे लिहिलं आहे ते मुलाच्या घरी वाचलं जातं, आणि मुलीच्या घरी तिचं अक्षर.

शिक्षकांना माझं पहिलं सांगणं इथलंच आहे. या वर्षीच्या नोंदी लिहिताना प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिच्या विचाराबद्दलचं एक वाक्य लिहा, आणि ते त्या मुलीचंच असू द्या. ‘वजाबाकी पडताळून पाहण्याची स्वतःची रीत शोधली.’ ‘गोष्टीतल्या कोल्ह्याची बाजू मांडली.’ असं वाक्य लिहायचं तर वर्षभर तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि खरा फायदा त्या लक्ष देण्याचाच आहे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधं मोजमाप केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात? सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते प्रश्न बदलतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलं कमी होतात आणि एरवी गप्प असणारी बोलू लागतात. एका सेकंदात हात वर करणारा मुलगा जास्त हुशार असेलच असं नाही, तो जास्त बेधडक असतो एवढंच. मागच्या बाकावरची मुलगी अजून वाक्य जुळवत असते. त्यातून तिची घरची भाषा वेगळी असेल, तर तिला ते वाक्य आधी मनात उलथंपालथं करावं लागतं. तेव्हा प्रश्न विचारा, मनात सावकाश तीनपर्यंत मोजा, आणि तोवर कोणाचंही नाव घेऊ नका. पन्नास मुलांच्या वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. आठवडाभरात सवय होते.

हात वर करणाऱ्यांनाच विचारायचं ही पद्धतही अधूनमधून मोडा. आइस्क्रीमच्या काड्यांवर सगळ्यांची नावं लिहून एका डब्यात ठेवा आणि काडी काढून विचारा. पण त्याआधी अर्धा मिनिट शेजारच्याशी बोलायला द्या. लाजऱ्या मुलीला चाळीस जणांपुढे एकदम उभं करणं म्हणजे शिक्षाच. शेजारणीला सांगून झालेलं उत्तर वर्गाला सांगणं सोपं जातं, कारण ते एकदा तोंडातून बाहेर पडलेलं असतं. उत्तर येत नसेल तर ‘नंतर सांगते’ म्हणायची मुभा द्या, मात्र नंतर खरंच तिच्याकडे परत या.

आणि कामं. फळा पुसणं, रांगोळी, झाडू, पाहुण्यांचं औक्षण मुलींकडे. बाक हलवणं, ऑफिसात निरोप नेणं, घंटा देणं, मैदानाची आखणी मुलांकडे. कोणी ठरवून करत नाही, तरी होतं. ऑफिसात निरोप नेणाऱ्या मुलाला हेडबाईंशी, शिपाईकाकांशी, दुसऱ्या वर्गातल्या सरांशी रोज दोन वाक्यं बोलावी लागतात. झाडू मारणाऱ्या मुलीला कोणाशीच बोलावं लागत नाही. भिंतीवर कामांचा तक्ता लावा, दर सोमवारी नावं एक घर पुढे सरकवा. वर्गमंत्रीही महिन्याला बदला आणि ‘गप्प बसा’ म्हणत फळ्यावर नावं लिहिण्यापलीकडचं काही काम त्याला किंवा तिला द्या.

भाषेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण द्वारकेच्या आसपासच्या वर्गांत मला हा प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो. घरी अहिराणी बोलणारी मुलगी वर्गात ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणते आणि वर्ग हसतो. बाईही हसतात, प्रेमाने हसतात, पण हसतात. ती मुलगी पुढचे कित्येक महिने तोंड उघडत नाही, आणि मग प्रगतिपुस्तकात ‘अबोल आहे’ अशी नोंद होते. याच वर्गांतून आपण बहिणाबाई चौधरींच्या खानदेशी वळणाच्या कविता अभिमानाने शिकवतो! घरी उर्दू किंवा हिंदी बोलणाऱ्या, सुरगाणा-पेठकडून आलेल्या आणि कोकणा बोलणाऱ्या मुलींचंही असंच होतं.

यावर इलाज सोपा आणि फुकटचा आहे. परिपाठात रोज एक सुविचार फळ्यावर लिहिला जातो. तो मुलांना समजतो की नाही कोण जाणे. आठवड्यातून एक दिवस त्या जागी एक वस्तू ठेवा, समजा पळी, झाडू, पाल किंवा पाऊस, आणि तुमच्या घरी याला काय म्हणतात ते विचारा. सगळे शब्द फळ्यावर लिहा, ज्याचा शब्द त्याचं नाव पुढे. अबोल ठरलेली मुलगी त्या दिवशी वर्गाला काहीतरी शिकवते. मुलींची नावंही नीट उच्चारा. नावात नुक्त्याचा ‘ज़’ असेल तर तो शिकून घ्या, ‘जमतच नाही बुवा’ म्हणून सोडू नका. आणि डबा. मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात बोंबील आहे, कोणाच्या डब्यात रोज नुसती चटणी-भाकर आहे, यावर होणारी कुजबुज ही लहान मुलांना एकटं पाडण्याची सगळ्यांत जुनी रीत आहे. दुसऱ्याच्या डब्यावर कोणी काही बोलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका. तो शिक्षकांनाही लागू.

बोलण्यानंतर लिहिणं येतं. चौथीतल्या मुलीला ‘माझी आई’ हा निबंध गाइडमधून पाठ करायला लावतात. सगळ्यांच्या आया पहाटे पाचला उठतात, सगळ्यांच्या आया सुगरण असतात. भंगाराच्या दुकानात काम करणाऱ्या आईची मुलगीही तेच लिहिते. इथे मला मुक्ता साळवेची आठवण होते. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. फुल्यांनी मुलींची पहिली शाळा काढली ती १८४८ मध्ये. म्हणजे सातच वर्षांत त्यांच्या शाळांतली एक मुलगी धर्माला आणि समाजाला छापील प्रश्न विचारत होती. तिला कोणी ‘माझी आई’ पाठ करायला लावलं नव्हतं. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळांत बालिका दिन होतो, मुलींना नऊवारी नेसवून, कुंकू लावून फोटो काढले जातात. फोटो काढा जरूर. पण त्या दिवशी प्रत्येक मुलीने स्वतःच्या गल्लीबद्दल दहा ओळी लिहिल्या आणि त्या शुद्धलेखनाच्या चुका न काढता नुसत्या वाचल्या गेल्या, तर सावित्रीबाईंचं काम थोडं पुढे जाईल.

गॅदरिंगचं काय करायचं? मुलींचा सामूहिक नाच आणि मुलाचं निवेदन ही जुनी विभागणी. नाटकात राजा मुलगा, राणी मुलगी, आणि राणीला वाक्यं दोन. आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण शिक्षकांनी जरूर वापरावं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना त्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाने ती केली. आणि सहाच वर्षांनी, १९१९ मध्ये, ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांनी बाळकृष्णाची मुख्य भूमिका दिली ती आपल्या सातेक वर्षांच्या मुलीला, मंदाकिनीला. चित्रपटाच्या सुरुवातीला ही मुलगी साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर दाखवते, मग कृष्ण होते. आधी प्रेक्षकांना मुलगी दिसावी आणि मग तिचं काम दिसावं, अशी ती रचना आहे. हा मूकपट आजही बऱ्याच अंशी पाहायला मिळतो. मूकपट असल्यामुळे मराठी, उर्दू, हिंदी कुठल्याही माध्यमाच्या मुलांना तो सारखाच कळतो. शाळेच्या टीव्हीवर त्यातली पंधरा मिनिटं दाखवा, आणि मग यंदाच्या नाटकात कृष्ण, शिवाजी, वाघ, प्रधान कोण होणार याची निवड खुली ठेवा. वाघ व्हायला मुलींच्या उड्या पडतात असा माझा अंदाज आहे.

निवेदनही वाटून द्या. तीस मुलांनी एकेक वाक्य बोलून झालेलं निवेदन एका हुशार मुलाच्या झकास निवेदनापेक्षा चार ठिकाणी अडखळेल. अडखळू द्या. समोर बसलेले सगळे त्यांचेच आईवडील आहेत.

आता मैदानाकडे. मधल्या सुट्टीत मैदानाचा मधला भाग क्रिकेटचा असतो आणि तो मुलांचा असतो. मुली भिंतीकडेने, जिन्याच्या पायऱ्यांवर, नळापाशी. त्यांना तिथेच आवडतं असं आपण समजतो. आठवड्यातले दोन दिवस मधला भाग खो-खो, लंगडी किंवा लगोरीसाठी राखून ठेवा, मुलं-मुली एकत्र खेळू देत. खो-खोला ना बॅट लागते ना बूट. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या महिला संघाने जिंकला आणि त्या संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, हे चौथीच्या मुलींना सांगायला विसरू नका. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊतही सांगा: २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. मात्र भिंतीवर या मोठ्या बायकांची चित्रं लावून काम संपत नाही. सात वर्षांच्या मुलीला कविता राऊत फार लांबची वाटते. तिला दहा वर्षांची, पाचवीतली, गेल्या वर्षी जिला नीट धावताही येत नव्हतं अशी ताई जवळची वाटते. मोठ्या वर्गातल्या मुलींना आठवड्यातून एकदा लहान वर्गात खेळ शिकवायला पाठवा. दोघींचाही फायदा होतो.

‘तू नाही खेळायचंस’ या वाक्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला पडतो. शिकागोच्या शिक्षिका विवियन पेली यांनी आपल्या बालवर्गात सरळ नियमच केला, की खेळायला आलेल्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही. १९९२ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. नियम आणण्याआधी त्यांनी मोठ्या वर्गांतल्या मुलांशी चर्चा केली. नियम चांगला आहे पण चालणार नाही, असं बऱ्याच मुलांचं मत पडलं. तो चालला, कारण एकट्या पडणाऱ्या मुलाने स्वतःच जागा मागावी, भांडावं, हा भार त्या नियमाने काढून घेतला. आपण लाजऱ्या मुलीला सांगतो, ‘अगं, जाऊन विचार ना, घेतील तुला.’ तिने विचारायचं, तिनेच अपमान सहन करायचा. खेळणाऱ्या गटावर जबाबदारी टाकली की चित्र बदलतं. हे अपंग मुलांच्या बाबतीत तर अगदी खरं. कानाला यंत्र लावणारी किंवा चालायला त्रास होणारी मुलगी मैदानाबाहेर पंच म्हणून बसवली जाते आणि सगळ्यांना आपण फार चांगुलपणा केला असं वाटतं. तिला विचारा, तिला काय जमतं. लंगडीत तिच्यापुरता नियम बदला. वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तिला तुमचे ओठ दिसायला हवेत.

आता मुली गप्प राहण्याचं एक असं कारण, ज्याचा आत्मविश्वासाशी काय संबंध असं वाटेल. कित्येक मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागतं, आणि तिथे कडी नसते, पाणी नसतं, किंवा दारात मोठी मुलं उभी असतात. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलेली मुलगी हात वर करून उत्तर देईल कशी? शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं प्रत्येक शाळेत बंधनकारक आहेत. पालकांनी प्रवेश घेताना संगणककक्षाआधी ती पाहावीत. रोज घरी आलेल्या बाटलीत किती पाणी उरलं आहे तेही बघावं.

नको म्हणता येणं हाही आत्मविश्वासच, आणि त्याची सुरुवात घरातून होते. पाहुण्या काकांना पापी द्यायची नसेल तर मुलीला जबरदस्ती करू नका. ‘लाजते जरा’ म्हणून तिला पुढे ढकलू नका, लांबून नमस्कार पुरे. कोण जवळ येणार हे आपण ठरवू शकतो, हे तिला घरात कळलं तरच ती ते व्हॅनमध्ये आणि शिकवणीत वापरेल. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायचा निर्णय घेतला आहे. तुमच्या मुलीच्या शाळेत या समितीत कोण आहे, त्यांची नावं फलकावर लावलेली आहेत का, तक्रारपेटी आहे का आणि ती दुसरीतल्या मुलीच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहे का, हे जाऊन बघा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला पाढ्यांसारखा पाठ असू द्या.

घरातलं बाकीचं थोडक्यात सांगतो. दुकानात, दवाखान्यात, नातेवाइकांकडे मुलीला कोणी काही विचारलं की आपण तिच्या वतीने उत्तर देतो. ‘नाव काय बाळा?’ ‘सई. दुसरीत आहे.’ सईने तोंड उघडलंच नाही. इथेही तीन सेकंदांचा नियम लावा. शाबासकी देतानाही जरा जपून. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘किती हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढचं अवघड कोडं टाळू लागली, आणि ‘खूप प्रयत्न केलास’ असं ऐकलेली मुलं अवघडच मागू लागली. मुलींना तर ‘किती गोड दिसतेस’ हेच जास्त ऐकू येतं. दिवसातून एकदा तिने काय केलं याबद्दल विचारा, आणि कसं केलं तेही.

द्वारकेच्या चौकात आठ वर्षांच्या मुलीला एकटं रस्ता ओलांडू द्या, असं कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. पादचाऱ्यांसाठी तिथे भुयारी मार्ग बांधला गेला, तरी मोठी माणसंही वरूनच जीव मुठीत धरून पलीकडे गेली. पण चौक धोक्याचा म्हणून मुलगी गल्लीतही एकटी जात नाही आणि तिचा त्याच वयाचा भाऊ मात्र सायकलवर कोपऱ्यापर्यंत जातो, हे चुकतं. गल्लीतल्या किराणा दुकानातून दूध आणणं, उरलेले पैसे मोजून घेणं, रिक्षाकाकांना ‘आज दहा मिनिटं उशीर होईल’ असं सांगणं ही कामं तिला द्या. चौकात तिचा हात धरलेला असू द्या, पण कधी निघायचं ते तिला ठरवायला सांगा. ‘आता?’ ‘नाही, ट्रक येतोय.’

आणि तिच्या भावाला भाजी निवडायला बसवा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर वडीलही भाजी निवडत असल्याचं चित्र दिलं, कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष दाखवला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. पुस्तकातलं चित्र घरात दिसलं नाही तर मूल पुस्तकालाच खोटं ठरवतं. युनिसेफच्या ‘मीना’ कार्टूनमधला आंब्याचा भाग घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे. मोठी फोड मीनाच्या भावाला, राजूला मिळते, भावंडं एका दिवसासाठी कामं अदलाबदल करतात आणि संध्याकाळपर्यंत राजू दमून जातो. रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा रडू नकोस’ म्हणणं आजपासून बंद करा. त्यात मुलाचा अपमान आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीचाही.

हे सगळं शाळेपर्यंत पोहोचवायचं कसं? त्यासाठी कायद्याने दिलेली एक जागा आहे आणि ती बहुतेक वेळा रिकामी राहते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया. कागदावर आयांची नावं असतात. पण सभा सकाळी अकराला ठेवली, तर धुणीभांडी करणारी, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणारी, कंपनीत पाळीने काम करणारी आई येणार कशी? मग घरातला काका येऊन सही करून जातो. सभा रविवारी किंवा संध्याकाळी ठेवा, अशी लेखी मागणी चार पालकांनी मिळून केली तर मुख्याध्यापकांना ती सहसा टाळता येत नाही. खासगी शाळा असेल तर पालक-शिक्षक संघात हेच मागा. पहिल्या सभेत तीनच प्रश्न विचारा: मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, सखी सावित्री समितीत कोण आहे, आणि वर्गातल्या कामांचा तक्ता दर आठवड्याला बदलतो का. सभेची सूचना मुलीच्या वहीत लिहून येते. ती तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिलाच लिहू द्या.